पटापुरती मुलं

आम्ही पेठ तालुक्याकडचे, नाशिकपलीकडच्या डोंगरातले. आधी भात काढून झालं की आई-वडील नाशिकला कामाला यायचे आणि पावसाआधी गावी परतायचे. पुढे डोंगरातल्या तेवढ्या तुकड्यावर भागेना, तेव्हा कायमचे इथेच राहिलो. राहिलो म्हणजे ज्या बिल्डिंगचं काम चालू असेल तिच्या पायथ्याशी, पत्र्याच्या खोलीत. वडील सेंट्रिंगवर, स्लॅबच्या फळ्या ठोकायला, आई वाळू चाळायला. थंडीत पत्रा असा गार पडायचा की रात्रभर आम्ही एकमेकांना चिकटून झोपायचो. रंगवाले आले की समजायचं, आता पत्रे उचलायची वेळ झाली. अशी किती घरं पूर्ण होताना मी पाहिली. त्यातल्या एकातही आम्ही राहिलो नाही, हे वेगळं सांगायला नको.

शहराच्या कडेला आठवीपर्यंतची सरकारी शाळा होती. ज्यांना जमेल ते आपली मुलं इंग्लिश मिडियमला घालत. आमच्याकडे उरत ती वॉचमन, रिक्षावाले, पेंटर यांची मुलं, यूपी-बिहारकडून आलेल्या प्लंबरांची मुलं, आणि आम्ही, पेठ-सुरगाण्याचे. बसायची जागा कुणी ठरवून दिलेली नव्हती, तरी पहिल्या बाकांवर नाशिकची मुलं, मध्ये हिंदीवाले आणि मागे आम्ही, असंच व्हायचं.

पुढचा एक मुलगा रोज वळून विचारायचा, "ए डोंगरी, तुमच्या गावात लाईट आली का?"

माझ्या शेजारची सुरगाण्याची मुलगी म्हणायची, "आलती. तुला बघून गेली."

त्यावर सगळी मागची रांग हसायची. वर्गात आमचा आवाज निघायचा तो तेवढाच. वाचायला आम्हाला कुणी उठवत नव्हतं.

असं असूनही जूनमध्ये शिक्षक आम्हाला शोधत बिल्डिंगींवर यायचे. पट कमी झाला, म्हणजे नाव नोंदवलेली मुलं कमी झाली, की शिक्षक कमी होतात, वर्ग बंद पडतात. म्हणून मोठे सर स्वतः वाळूच्या ढिगाजवळ उभे राहून आईला म्हणाले होते, "कशीही असू द्या, शाळेत पाठवा. पुढचं आम्ही बघतो."

माझी ताई याच शाळेतून आठवी पास झाली. नापास कुणालाच करत नसत. प्रगतिपुस्तकावर चांगले शेरे होते. वडील तिला घेऊन हायस्कूलला गेले, मीही मागे होते. तिथल्या सरांनी पुस्तक उघडून पुढे केलं, "हा परिच्छेद वाच बरं." ताईने पुस्तक हातात धरलं आणि तशीच उभी राहिली. सर वडिलांकडे वळले. "आठवी पास ना ही?" वडील म्हणाले, "व्हय, पास हाय." "जागा भरल्यात," सर म्हणाले आणि पुस्तक परत घेतलं. त्या हंगामापासून ताई द्राक्षाच्या बागेत जाऊ लागली. घड औषधात बुडवून बुडवून तिची बोटं पिवळी पडायची.

मी सातवीत होते. बाहेरचे साहेब येऊन मुलांची परीक्षा घेणार, असं कळलं. आदल्या दिवशी आमच्या वर्गाच्या बाई मागच्या रांगांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही उद्या नाही आलात तरी चालेल. सुट्टी समजा."

आम्ही खूश. मी घरी उड्या मारत सांगितलं. वडील म्हणाले, "बरंय, पाण्याचं पिंप भरून ठेव."

ताई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मला पण हीच सुट्टी द्यायचे. दर वर्षी."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सकाळी ती कामावर गेलीच नाही. माझा हात धरून शाळेत आली आणि फाटकापाशी मोठ्या सरांसमोर उभी राहिली.

"सर, आज शाळा बंद हाय का?"

"नाही हो. परीक्षा आहे."

"मग हिला काहून सुट्टी?"

"घाबरेल हो ती. तिच्याच भल्यासाठी सांगितलं."

"जूनमधी तुम्ही म्हणलात, कशीबी असू द्या, पाठवा."

"ते पटाचं वेगळं असतं."

"वेगळं कसं? पोरगी तर तीच हाय."

मागून साहेबांची गाडी आली, म्हणून सरांनी फाटक उघडलं. मी आत गेले.

मी मोठा पराक्रम केला नाही. साहेबांबरोबर परीक्षा घ्यायला आलेल्या मॅडमनी धडा दिला. दोन ओळींत मी अडखळले, जोडाक्षर आलं की थांबले, शेवटी रडले. मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. निकाल आला तेव्हा बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "झालं समाधान? अख्खा वर्ग खाली आणलास."

पण आता मी निकालात आले होते. कच्च्या मुलांना सुधारा, असं वरून सांगण्यात आलं, आणि कच्ची म्हणून दिसत होते मी. घरी राहिलेल्यांचं कुणी विचारलंच नाही. बाईंकडे दोन वर्ग होते, शिवाय सरकारी कामं. तरी शाळा सुटल्यावर त्या मला थांबवून घ्यायच्या. रागाने शिकवायच्या. "वाच. परत. परत वाच." एकदाही शाबास म्हणाल्या नाहीत. पण वाचायला मला त्यांनीच शिकवलं, आणि हे मी कुणालाही सांगते. सुरगाण्याची ती मैत्रीण एक दिवस माझी वाट बघत दाराशी बसली. बाई म्हणाल्या, "तू जा गं घरी." ती गेली.

आठवी झाल्यावर मी त्याच हायस्कूलला गेले. त्याच सरांनी पुस्तक पुढे केलं. मी परिच्छेद वाचला. ते थांब म्हणाले नाहीत, म्हणून पान उलटून पुढचंही वाचलं. आई दाराशी उभी होती. मला प्रवेश मिळाला.

ताईचं तोवर लग्न झालं होतं. ती अजून बागेत जाते. मैत्रीण परवा एका बिल्डिंगवर दिसली, डोक्यावर घमेलं होतं. हसली, बोलायला थांबली नाही. मुकादम बघत होता.

गेल्या उन्हाळ्यात मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली, आणि त्या मागच्या रांगांमधली एकटी.