सासूबाईंच्या नावाचा किडा

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ताईंच्या सत्काराला जायचं होतं, पण त्याआधी रजया गच्चीवर उन्हात घालायच्या होत्या. म्हणून मी ताईंच्या खोलीतल्या पलंगाचा बॉक्स उघडला, तर आत दगड निघाले. रजया होत्या, नाही असं नाही. पण त्यांत दगड तान्ह्या मुलांसारखे गुंडाळून ठेवले होते. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, माझ्या आईच्या भाषेत वन्सं. त्यांच्याइतकी शंकेखोर बाई दिल्लीत तर नाहीच, पण मंगळावरही सापडायची नाही. आणि समजा सापडलीच, तर ती खरोखर तिथलीच आहे का, ही पहिली शंका ताईच काढतील.

"ताई, हे काय?"

"ठिसूळ आहेत गं. धक्का लागला की भुगा होतो."

"आणि थंडीत आम्ही काय पांघरायचं?"

"थंडी पडली म्हणतेस ती कशावरून?" कानटोपी घातलेल्या ताईंनी विचारलं.

लोक म्हणतात, ताईंनी आयुष्यात तीन वेगवेगळी कामं केली. माझ्या मते एकच केलं: एका बारीक गोष्टीकडे टक लावून बघत बसायचं आणि तोवर बाकीच्यांना ताटकळत ठेवायचं. तरुणपणी त्यांनी जुन्या खडकांतल्या सूक्ष्म जीवांवर डॉक्टरेट केली. खडकाचा कागदासारखा पातळ काप करायचा, काचपट्टीवर चिकटवायचा आणि माणूस काय, मासाही जन्माला आलेला नव्हता तेव्हाचं कुणी त्यात दिसतंय का ते शोधायचं. मग सरकारी तेल कंपनीत लागल्या. तेलाची विहीर खणताना खालच्या खडकाचा चुरा चिखलाबरोबर वर येतो. तो धुऊन, त्यातले सूक्ष्म जीव ओळखून ताई सांगायच्या की आपण कुठल्या काळातल्या थरात पोचलो आणि पुढे खणण्यात अर्थ आहे की नाही. धिप्पाड इंजिनियर दाराबाहेर येरझाऱ्या घालत असायचे आणि आत या पाच फुटी बाई सूक्ष्मदर्शकावरून डोळा न उचलता म्हणायच्या, "रुकिए." निवृत्त झाल्यावर बाकीचे चारधामला जातात, ताई लडाखला गेल्या, तिथल्या गरम झऱ्यांवरची हिरवट साय बाटल्यांत भरून आणायला. मंगळावर कधीकाळी जीव असलाच, तर तो कसा ओळखायचा, हे तिसरं काम तेव्हापासून चालू आहे. त्या बाटल्या काही दिवस आमच्या फ्रिजमध्ये होत्या. एकीवर मी 'पुदिना चटणी नाही' अशी चिठ्ठी लावली होती, कारण नवऱ्याचा हात एकदा तिथवर गेला होता.

तेलाच्या विहिरींनी ताईंना एक खोड कायमची लावली. विहीर खोल जाते तसा वरच्या थरांतला चुराही निसटून खाली पडतो आणि खालच्या चुऱ्यात मिसळतो. तरुण जीव म्हाताऱ्यांच्या पंगतीत येऊन बसतात, आणि जो फसला त्याचा सगळा हिशेब चुकतो. त्यामुळे कुणी काहीही सांगितलं की ताईंचा एकच प्रश्न: हे मूळचं त्याच थरातलं, की वरून पडलेलं? दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत चढ्ढा आंटी म्हणून एक बाई आहेत. जगातली प्रत्येक बातमी आधी त्यांच्याकडे येते. त्या एकदा कुणाच्यातरी मोडलेल्या लग्नाची हकिगत रंगवून सांगत होत्या, तर ताईंनी त्यांना तीन प्रश्नांत गप्प केलं. "आपने खुद देखा? नहीं? किसने देखा? उसने भी नहीं?" तेव्हापासून ताई लिफ्टमध्ये असल्या की चढ्ढा आंटी जिन्याने जातात. गुडघ्यांनाही बरं पडतं म्हणे.

भातात खडा लागला तर आपण डोळे मिटतो, ताईंचे उघडतात. खडा ताटाच्या कडेला ठेवून, "गारगोटी आहे, चांगली गोलसर झालेली. पुष्कळ लांबून वाहत आली असणार," असं त्या कौतुकाने सांगतात, आणि तांदूळ मी निवडलेले असल्यामुळे मला हसावं की चिडावं ते कळत नाही. ओट्यासाठी काळा ग्रॅनाइट घ्यायला मी चुकून त्यांना मार्बल मार्केटात नेलं होतं. त्यांनी बोट ओलं करून लादीवरून फिरवलं आणि दुकानदाराला सांगितलं, "भैया, ये ग्रेनाइट नहीं है."

"मैडम, पूरी दिल्ली इसको ग्रेनाइट बोलती है."

"तो पूरी दिल्ली गलत बोलती है."

मग शिलारस जमिनीच्या पोटात कसा थंड होतो, यावर व्याख्यान झालं. दुकानदाराने स्टूल दिलं, चहा मागवला. लादी आम्ही घेतलीच नाही, पण वेगळ्या नक्षीचा दगड आला की तो अजून ताईंना फोटो पाठवतो.

आता किड्याबद्दल. डॉक्टरेट करत असताना ताईंना मध्य भारतातल्या एका फार जुन्या खडकाच्या कापात मण्यांच्या माळेसारखा बारीक धागा दिसला. इतक्या जुन्या काळातला तसला जीव तोवर कुणी पाहिला नव्हता. तो पुस्तकांत छापून आला आणि ताईंचं नाव झालं. शोधणाऱ्याने नाव द्यायचं असतं. ताईंनी आईचं दिलं, सुमती या नावाला लॅटिन शेपूट जोडून. सासूबाई चौथी शिकलेल्या. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जो येईल त्याला त्या सांगायच्या, "दगडात माझ्या नावाचा किडा आहे." तो किडा नाही, हे ताईंनी त्यांना पुष्कळदा समजावलं. सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या पाहुण्याला परत किडाच सांगायच्या. मुलगी लग्न करत नाही, रानावनात दगड फोडत हिंडते, म्हणून टोमणे मारणाऱ्यांना त्यांच्याकडे हे एकच उत्तर होतं.

दुपारचा सत्कार याच शोधासाठी होता. भाषणात दाखवायला चांगला फोटो हवा, म्हणून ताई आठवड्यापूर्वी ती जुनी काचपट्टी घेऊन रितूच्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या. रितू त्यांची विद्यार्थिनी, आता नोएडाला शिकवते. तिच्याकडच्या नव्या सूक्ष्मदर्शकात खडकाच्या आतवरचं नीट दिसतं. त्यात दिसलं ते असं, की ती माळ मूळ थरात नव्हतीच. खडकाला आडवी गेलेली केसासारखी चीर होती आणि माळ त्या चिरेत होती. म्हणजे खडक झाल्यावर कितीतरी काळाने, पाण्याबरोबर आत शिरलेली कुठलीतरी बुरशी.

ताईंनी हे आम्हाला जेवताना सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं.

"कुणाच्या लक्षात आलंय का?" मी विचारलं.

"माझ्या."

"तुमच्याशिवाय?"

"रितूच्या. ती म्हणते, मैम, अभी रहने दीजिए."

"बरोबर म्हणते. आधी शाल घ्या. मग महिन्याभराने सावकाश लिहा."

"शाल त्या जीवाश्मासाठी आहे."

"शाल थंडीसाठी असते, ताई."

त्या हसल्या नाहीत. माझा नवरा एरवी बहिणीपुढे अवाक्षर काढत नाही, पण तो ताट सारून उठला. "आईचं नाव पुसणार तू? सगळ्या लोकांसमोर?"

"चुकीच्या जागी मीच लिहिलं होतं ना?" ताई म्हणाल्या. "मग पुसायला दुसरं कोण येणार?"

पुढे आठवडाभर भाऊ-बहीण एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. "त्याला सांग, पाणी आलंय." "तिला सांग, मला कळलंय." समारंभाला येणार नाही, असं त्याने मलाच सांगितलं आणि मीच ते ताईंना सांगितलं.

सभागृहात पुढच्या रांगेत बसून मी त्यांच्या हातांकडे बघत होते. ते स्थिर होते; मोडक्या आगबोटीसारखे दिसणारे, समुद्रातल्या तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म चढलेली बाई ती. माळेचा फोटो पडद्यावर आला. ताईंनी चीर दाखवली, आणि ज्यासाठी तुम्ही मला बोलावलंत ते चूक आहे, चूक माझी आहे, असं साध्या शब्दांत सांगितलं. कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. मग मागून एका मुलीने विचारलं, मॅडम, इथल्या दगडात तुम्ही फसलात, तर मंगळावरच्या दगडात आम्ही कसं ओळखायचं? ताईंचा चेहरा एकदम खुलला. "हाच प्रश्न आहे! मला परत जाऊन काप बघता आला. तिथून आणलेला दगड चिमूटभर असेल, तेव्हा आधी चीर शोधा." पुढचा तासभर ती मुलं त्यांना सोडेनात. शाल द्यायची की नाही, याची संयोजकांची कुजबुज चालू होती, अखेर दिली. ताईंनी घेतली. मला बरं वाटलं, कारण ती चांगल्या लोकरीची होती.

मागच्या खांबाशी माझा नवरा उभा होता. कधी आला, कोण जाणे. परतताना गाडी त्याने चालवली. धौला कुआँला गाड्या तुंबल्या होत्या. तिथे ताई काचेबाहेर बघत म्हणाल्या, "आई असती तर तिला काय सांगितलं असतं मी?"

मला असल्या वेळी बोलता येत नाही, पण कुणीतरी बोलायला हवं होतं. "सांगायचं, की किडा होता, पण वाटला त्यापेक्षा फार तरुण निघाला. वय कमी झालेलं त्यांना आवडलंच असतं."

आधी नवरा हसला, मग ताई. हसता हसता त्यांनी त्या नव्या शालीला डोळे पुसले. "आणि पाहुण्यांना तिने किडाच सांगितला असता," त्या म्हणाल्या. "हो ना रे?"

"हो," तो म्हणाला. आठवड्यातलं हे पहिलं बोलणं, जे माझ्यामार्फत झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन गॅलरीत आलं तरी ताईंच्या खोलीतून काही हालचाल ऐकू येईना. इतकी वर्षं त्या सगळ्यांच्या आधी उठलेल्या असतात. मी थोडा वेळ वाट पाहिली, मग आत गेले. त्या कुशीवर झोपल्या होत्या, अगदी लहान दिसत होत्या. मी वाकून त्यांच्या नाकासमोर बोट धरलं.

"आहे मी," डोळे न उघडता ताई म्हणाल्या. "चहा टाक."

मी जाऊन चहा टाकला, आणि त्यांना आवडतं म्हणून आलं जरा जास्त किसलं.