ओल्या हवेचं झाड

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आमच्या समोर राहणारे भाऊ मूळचे सिहोऱ्याचे, पण नोकरीची बरीच वर्षं त्यांनी मेघालयात काढली. तिथून बदली होऊन येताना ऑर्किडची कुंडी मांडीवर धरून आणली. तब्येत विचारली तरी ते झाडाचीच सांगायचे. बोलता बोलता ऊन सरकलं की पडदा ओढायला उठायचे. उन्हाळ्यात कूलरचं तोंड झाडाकडे असायचं आणि भाऊ बाजूला घाम पुसत बसायचे. तरी पानं सुरकुतायची.

"पाणी कमी पडत असेल," मी एकदा म्हटलं.

"पाणी जास्त झालं तं मुळं सडतेत, वहिनी. ह्याले ओली हवा पायजे. तिकडं दोरीवरचे कपडे वाळत नव्हते. तशी ओल इथं कुठून आणू?"

यंदा त्यांचा एक मित्र तिकडे बदलून गेला, तेव्हा भाऊंनी झाड त्याच्या हाती दिलं. बस निघेपर्यंत ते खिडकीतून कुंडीला हात लावून उभे होते.

"काहून दिलं, भाऊ?"

"मले तं आता इथंच राहाचं हाये. त्यानं कायले झुरावं?"

परवा त्यांच्या मोबाइलवर फोटो आला. झाडाला जांभळी फुलं आली होती. मी कौतुक केलं. भाऊंनी बोटांनी फोटो मोठा केला, फुलं बाजूला सरकवली आणि मागची धूसर टेकडी माझ्यापुढे धरली.

"पाहा वहिनी, ढग खाली उतरून राहिला."