बाकावरचे हेवीवेट

क्लास तासाभराचा, तोही आठवड्यातून तीनदा, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या आम्हा पालकांना दुसरा उद्योग नाही. किस्से साचणार नाहीत तर काय!

माणिकपूरच्या एका हॉलमध्ये माझी नऊ वर्षांची ओवी बॉक्सिंग शिकते. मीच घातलंय. मुलींना स्वसंरक्षण यायला हवं, असं कुठेतरी वाचलं होतं. समोरूनही कोणीतरी मारणार, हे वाचायचं राहिलं! विन्सेंट सरांनी तिला पहिल्या मॅचसाठी निवडलं आणि संमतीचा फॉर्म तीन आठवडे माझ्या पर्समध्ये सहीविना फिरत राहिला.

*

बाकावर माझ्या शेजारी मनवेलपाड्याचे कदमकाका. नातीला घेऊन येतात. त्यांचा आणि सरांचा कायमचा वाद एकच: हेवीवेट चॅम्पियन्समध्ये सगळ्यात मोठा विजय कोणाचा?

काकांचा हिरो रिंगच्या दोरांना टेकून मुकाट मार खात राहिला, समोरचा दमला आणि आठव्या राउंडला यानं त्याला आडवा केला.

“अहो, तोच आडवा झालेला वीस वर्षांनी परत आला!” सर म्हणाले. “वय पंचेचाळीस, आणि पुन्हा चॅम्पियन!”

“पंचेचाळीस?” मी विचारलं. “बीपी तपासलं होतं का कोणी?”

त्या दिवसापुरता वाद मिटला.

*

एकदा काका दोरांचा डाव करून दाखवायला उठले. बाहेर बाकापाशी दोर नव्हते, म्हणून एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांना टेकले. खुर्च्या गेल्या, मागोमाग काकाही!

सर आतून धावत आले. काकांना उठवलं, कपडे झटकले आणि शांतपणे म्हणाले, “आठव्या राउंडपर्यंत तरी थांबायचं!”

*

तिसरा किस्सा सरांनी सांगितला तो एका साध्या बॉक्सरचा. समोर कधीच न हरलेला चॅम्पियन, ज्याला बघूनच लोक गळपटायचे. याला कोणी हिशेबातही धरलं नव्हतं. त्यात काही आठवड्यांपूर्वी त्याची आई गेलेली. हा एकदा पडलाही. उठला आणि जिंकला.

मी निकाल देऊन टाकला. “सर, सगळ्यात मोठा विजय हाच. आई नसताना पोर उभं राहिलं!”

“ओवीची मम्मी तर समोर धडधाकट बसलीय,” सर म्हणाले. “आणा तो फॉर्म!”

केली सही. अक्षर माझंच होतं का, बँकवाले सांगू शकले नसते.

*

मॅचच्या सकाळी मी बॅग भरली. ग्लुकोज, दोन टॉवेल, बर्फाचा डबा, सुका खाऊ, जादा मोजे, छत्रीसुद्धा. हॉलवर पोचल्यावर ओवीनं बॅग उपसली.

“आई, सगळं आहे गं. ग्लोव्ह्ज?”

*

काकांच्या नातीचे ग्लोव्ह्ज घालून ओवी रिंगमध्ये गेली. समोर तुळिंजची एक मुलगी, दोन वेण्या, डोक्याला हेडगार्ड. तिची आई रिंगजवळ माझ्याच बाकावर येऊन बसली. ओळख ना पाळख. घंटा वाजली आणि मी डोळे मिटले. कोणाचा तरी हात सापडला, तो घट्ट धरला.

“संपलं का हो?” थोड्या वेळानं शेजारून आवाज आला.

“माहीत नाही. तुमचेही डोळे मिटलेत?”

तिसरा राउंड संपल्याची घंटा झाली आणि मी डोळे उघडले. कापूस आणि औषधाची बाटली घेऊन सर धावत येताना दिसले. ओवीलाच लागलं असणार! सर दोन्ही मुलींना मागे टाकून थेट बाकापाशी आले.

“पोरींना ओरखडाही नाही,” ते म्हणाले. “नखं काढा आधी एकमेकींच्या हातातून. रक्त इथे येतंय!”