नागफणीचा रंग

लाल रंग दिसला की माझी दृष्टी आधी संशय घेते आणि मग सौंदर्य पाहते! फाल्गुनातले कोवळे ऊन आसेगावच्या पांदीत, शेतांमधल्या गाडीवाटेत, उतरले, दोन्ही बाजूंच्या नागफणीवर जांभळट-लाल बोंडे टरारली, की माझे मन सावध होई. ही निवडुंगाची जात आपली नव्हे. सातासमुद्रापलीकडून आली, कुंपणाला म्हणून लावली, आणि बघता बघता तिने गायरान गिळले. अशा आगंतुकाचे फळ तोंडात घालावे तरी कोणत्या भरवशावर?

आत्या मात्र खुशाल खाई. वडिलांची ही धाकटी बहीण, ऐन तारुण्यात विधवा होऊन आमच्याकडे परतलेली. बोंड गोणपाटावर चोळून ती कुसळे झाडी, चिरून गाभ्यातला चांदणीसारखा काटा काढी, आणि त्या आंबटगोड गराने तिचे ओठ रंगून जात.

विधवेने विडा खायचा नाही, हा आमचा रिवाज. एका सकाळी विहिरीवर शेजारच्या काकूने ते ओठ हेरले. “काहून वो बाई, आज विडा कोनं चारला?” बायका हसल्या, आणि घागरींच्या आधी ती गोष्ट घरोघर पोचली. रात्री वडील ताटावरून मान वर न करता म्हणाले, “उद्या अनसिंगले धाडतो तुले. दिराच्या घरी राह्य.” त्या घरी तिच्या वाट्याला शेणगोठ्यापलीकडे काही नव्हते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. “बोंडं खाल्ली, दादा, बोंडं!” ती परोपरीने सांगत होती. ऐकतो कोण?

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. त्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवीत नाही. सकाळी मी बोंडे तोडून आणली, ओसरीवर सर्वांदेखत खाल्ली आणि लाल जीभ काढून दाखवली. वडील निवळले. “बी.ए. झालेला पोरगा म्हन्ते, तं खरंच असन.” अनसिंगची गाडी जुंपली गेली नाही. आत्या मात्र माझ्याकडे रोखून पाहत होती. “काहून रे बाबू, मी सांगतलं तवा लबाडी, अन् तुही जीभ लाल झाली तवा खरं?” कॉलेजात याचे उत्तर कोणी शिकवले नव्हते.

पुढे कापसासारखी एक पांढरी कीड आली. सरकारनेच सोडली, असे लोक म्हणत. मला तर किडीइतकाच सरकारचाही संशय! नागफणी करपली, काळी पडली. त्या फाल्गुनात मी नोकरीच्या गावाहून, कारंज्याहून, घरी आलो, तेव्हा पांदीत एकही बोंड नव्हते. दुसऱ्या सकाळी आत्या अंगणात आली, आणि तिचे ओठ लाल होते! जांभळट नव्हे, विटकरी. जवळून जाताना वेलदोड्याचा मंद गंधही आला.

काकू टपलेलीच होती. “आता कायची बोंडं, वो बाई? कुंपन तं वाळलं!” ओसरीवरच्या वडिलांनी बहिणीकडे पाहिलेच नाही, पाहिले माझ्याकडे. आत्याही पाहत होती. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. तोच जुना प्रश्न होता.

“मीच आणली, काकू,” मी म्हणालो, “कारंज्याहून.”

कोणी एक अक्षर विचारले नाही. पदवीधराच्या शब्दावर संशय कोण घेणार? लाल रंग दिसला की माझी दृष्टी अजूनही आधी संशयच घेते. पण कोणाच्या ओठांवर तो दिसला, तर मी पांदीकडे पाहतो, तिथे अजून बोंडे असल्यासारखा.