कागद काढायचे राहिले होते

आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर चार वर्षं एक पिशवी होती. तिला कुणी हात लावायचा नाही, असं मी बजावून ठेवलं होतं. घरात आम्ही दोघंच, मी आणि हे. म्हणजे बजावलं ते यांनाच. पिशवीत आमच्या मुलीची अर्धवट गोधडी होती.

ती 'गोधडी' म्हणायची नाही, 'क्विल्ट' म्हणायची. मी म्हणायचे, "नाव बदललं म्हणून थंडी वेगळी वाजते का गं?" माझं माहेर इथल्याच ओवे गावचं. आईच्या हाताखाली मी गोधड्या शिवल्या त्या जुनी लुगडी एकावर एक अंथरून, कडेने लांब लांब धावदोरा घालत आत यायचं, की झालं. आमच्या लेकीला ते कसं चालणार? तिने मोबाइलवर बघून कागदावरचं जोडकाम शिकून घेतलं. कागदावर पट्टी धरून पेन्सिलीने नक्षी काढायची, नक्षीतल्या प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा, कागदाच्या मागे कापड धरायचं आणि पुढून रेघेवर टीप मारायची. एक झाला की दोन, दोन झाला की तीन. टोकं अशी जुळायची की मीसुद्धा बघत राहायचे; तोंडाने मात्र म्हणायचे, "एवढ्यात माझ्या दोन गोधड्या झाल्या असत्या." कागद तसाच कापडाला चिकटून राहतो. सगळे चौकोन एकमेकांना जोडून झाले की मग तो मागून फाडून काढायचा.

तिला वीस चौकोन करायचे होते आणि वीसही वेगळे. कापड सगळं घरातलंच, माझ्या साड्या आणि यांचे शर्ट. हे तीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकून होते. शर्टांवर गंजाचे डाग पडायचे आणि ते घासून घासून माझे हात जायचे. बाईसाहेबांनी तेच डाग शोधून चौकोनांच्या मधोमध घेतले.

"अगं, डाग दिसतोय!"

"दिसू दे ना. बाबांसाठीच तर आहे."

बेलापूरची नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार असं करत पाच वर्षं चाललं होतं तिचं. सतरा चौकोन झाले. मग तिला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. सत्तावीस वर्षांची होती. याच्यापुढे मला लिहवत नाही.

गेल्या वर्षापासून यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. चार-चार तास एसीत पडून राहायचं. थंडी वाजते, दात वाजतात, तिथली चादर पुरत नाही. मी स्वेटर देते, शाल देते, पायमोजे देते. दिवाळीनंतर एकदा नवीन पनवेलला घरी परतताना रिक्षात हे म्हणाले, "ती गोधडी दे मला."

"कुठली?" म्हटलं. मला काय कळलं नव्हतं का!

"माझ्यासाठी करत होती ती. मी आहे तोवर पांघरू दे."

मी रिक्षावाल्यासमोरच भडकले. असलं अभद्र बोलायचं नाही म्हटलं. पण घरी आल्यावर चहा ठेवताना माझं मलाच वाईट वाटलं. माणूस मागून मागून काय मागत होता, तर पोरीने केलेलं पांघरूण.

मी चार वर्षं टाळत होते ते तीन चौकोनांसाठी नाही. तीन चौकोन काय, आठवड्यात होतात. मी टाळत होते ते कागदांसाठी. त्या सतरा कागदांवर तिचं अक्षर होतं. नुसते नंबर नाहीत, स्वतःसाठी केलेल्या खुणाही. 'इथे निळा.' 'उलट झालं, गाढवा!' 'आईची अंजिरी साडी, विचारून घे.' त्याच्याखाली, 'आज नको, चिडली आहे.' शाळा-कॉलेजच्या वह्या कधीच रद्दीत गेलेल्या, ऑफिसातलं तिचं सगळं काम कॉम्प्युटरवर, त्यामुळे हाताने लिहिलेलं तिचं मागे काही उरलंच नव्हतं. आणि गोधडी पुरी करायची तर तेच फाडायचं. तेही अख्खं निघत नाही. कागद टिपेवर फाटतो, म्हणजे प्रत्येक नंबराची वेगळी चिंधी होणार. न काढावा तर पहिल्या धुण्यात आत लगदा होईल. शेजारीण म्हणाली, "मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा की." काढले. पण ती पेन्सिल दाबून लिहायची. कागदावरून बोट फिरवलं तर अक्षर हाताला लागायचं. फोटोत ते कुठून येणार?

तरी पिशवी खाली काढली. उरलेल्या तीन चौकोनांचे कागद मीच आखले, साधेच, मला जमतील असे. मशीन तिचंच वापरलं. टाक्याची चकती दीडवर होती. म्हटलं, हे काय मुंगीच्या पावलांएवढे टाके! दोरा किती खातात! चकती फिरवून सरळ चारवर नेली आणि तीन चौकोन दोन दिवसांत हातावेगळे केले. वीसच्या वीस जोडले, पलंगावर पसरून पाहिले. हे दारातून बघून गेले. मग फक्त कागद काढायचे राहिले.

सुरुवात माझ्या तीन चौकोनांपासून केली. त्यांवर माझंच अक्षर, त्याचं काय कौतुक? कागद ओढला, तो निघेना. जोर लावला तर टीपच ताणली, दोरा वर आला, कापडात बोट जाईल एवढी फट पडली. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच. चाळीस वर्षं गोधड्या शिवणारी बाई मी, आणि एक कागद सुटेना! रागाने तिचा एक चौकोन ओढून टिपा बघायला लागले, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टाका बारीक असला की सुईची भोकं जवळजवळ पडतात, कागदाला तिकिटासारखी फाडायची रेघ तयार होते आणि तो आपोआप सुटतो. ती पोरगी पहिल्या चौकोनापासून फाडायची तयारी करून शिवत होती.

माझे तीन उसवले, दीडवर चकती ठेवून पुन्हा केले, पुन्हा जोडले.

तिच्या कागदांसाठी मी मंगळवार राखून ठेवला. त्या दिवशी यांना डायलिसिस नसतं. सकाळीच स्वयंपाक उरकला, हॉलमध्ये चटई टाकली, फोन बंद केला. दिवसभर लागेल, रडू येईल, सावकाश एकेक करू, असं ठरवलं होतं. कसलं काय! नखाने कोपरा उचलला की कागद सुटत होता. 'इथे निळा' सुटलं. 'गाढवा' सुटलं. थांबून वाचावं म्हटलं तर पुढचा तुकडा हातात यायचा. मला हवं होतं की एखादा तरी अडावा, माझ्या हाताला थोडा त्रास व्हावा. तासाभरात सतराच्या सतरा कागद माझ्या पुढ्यात चिंध्या होऊन पडले. त्यातलं 'चिडली आहे' तेवढं अख्खं निघालं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "एवढी कसली घाई होती गं?" मी ओरडले. चांगली मोठ्याने, जिन्यात ऐकू जाईल अशी.

हे आतून भिंत धरत आले. "कुणावर ओरडतेस?"

"तुमच्या लेकीवर! दुसरं कोण आहे मला?"

मला वाटलं समजूत घालतील, पाणी आणतील. हे खाली बसले, गोधडीचं एक टोक मांडीवर ओढलं आणि म्हणाले, "ओरड. चार वर्षांत तू तिला एक शब्द बोलली नाहीस. घर कसं गप्प झालंय."

मग मी सुटलेच. ओला टॉवेल पलंगावर टाकतेस. डबा घासायला काढत नाहीस. माझी नवी अंजिरी साडी, एकदाच नेसलेली, न विचारता कापलीस. सुया जमिनीवर सांडतेस, बाबांच्या पायात गेली असती म्हणजे? हे प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, मध्येच हसलेही. मला थांबता येईना. बोलता बोलता जे बोलायचं नव्हतं तेही तोंडातून गेलं.

"आणि तीन दिवस ताप अंगावर काढलास. मला का नाही सांगितलंस? घरात आई होती ना तुझी? का नाही सांगितलंस?"

यांची मान हलायची थांबली. हे माझ्याकडे बघेनात, मी यांच्याकडे बघेना. तिने का सांगितलं नाही ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी ओरडेन म्हणून.