आरची तंगडी

तोशांगकाकांना एका जागी बसलेलं मी दोनदाच पाहिलं. एकदा पाय मोडला होता तेव्हा आणि एकदा त्या कचेरीच्या पायऱ्यांवर. एरवी माणूस सतत हलता. बोलता बोलता बांबू सोलणार, जेवता जेवता उठून कोंबड्या हाकलणार, चर्चमध्ये प्रार्थना लांबली की मागे येरझाऱ्या घालणार. काकू म्हणायची, "ह्याला टोपलीत घालून झाकण लावा, टोपली चालायला लागेल."

आम्ही तराओ. सगळी जमात एका मोठ्या लग्नाच्या जेवणात आटोपेल. निवडणुकीत उमेदवार आमच्या फाट्यावर गाडी थांबवतो, ती इंजिनात पाणी घालायला. आमच्या टोपल्या इंफाळच्या बाजारात शेजारच्या मोठ्या जमातीच्या नावाने खपतात, कारण गिऱ्हाइकाला तेच नाव माहीत. तरी जमातीची समिती आहे. तिचं सचिवपद काकांकडे आलं, कारण ज्याला बसवत नाही त्यानेच कचेऱ्यांत हेलपाटे घालावेत असं सगळ्यांचं मत पडलं.

सचिवाला शिक्का हवा. काकांनी मला इंग्रजीत TARAO लिहून मागितलं. मी बारावी झालेला, म्हणून ते मला 'मास्तर' म्हणतात. मास्तरांनी झोकात लिहून दिलं आणि काकांनी बांबूच्या मुळावर जसंच्या तसं कोरलं, वर छोटीशी टोपली. टोपली विणणाऱ्या माणसाला उलटं-सुलटं नसतंच. आमची वीण आतून आणि बाहेरून एकसारखी दिसते. पण शिक्का तसा नसतो. कागदावर उमटलं OARAT. टी, ए आणि ओ ही भली अक्षरं, आरशात पाहा तरी तीच. एकट्या आरची तंगडी तेवढी भलतीकडे वळली.

हे मला दिसलं नाही, काकांना दिसलं नाही आणि सहा वर्षं एकाही साहेबाला दिसलं नाही. पत्रं जात राहिली. एकदा उत्तरही आलं, 'सचिव, ओअरात' अशा नावाने. पोस्टमननं हसत हसत आणून दिलं, आम्हाला वाटलं साहेबाचा टायपिस्ट चुकला.

दिसलं ते सालोमीला, काकांच्या मुलीला. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. शुक्रवारी चारपर्यंत जमातीचा दाखला जिल्ह्याच्या गावच्या कॉलेजात पोचला तर जागा तिची, नाहीतर पुढच्या मुलीची. समितीच्या पत्रावर तिनं बोट ठेवलं. "पा, आपण सहा वर्षं उलटे चालतोय."

काकांचा चेहरा पडला. मग मला म्हणाले, "काय मास्तर?"

"तुम्ही कोरलंत."

"तू लिहिलंस."

भांडायला वेळ नव्हता. काकांनी तासाभरात नवा, सुलटा शिक्का कोरला, जुना चुलीत घातला, आणि शुक्रवारी पहिल्या गाडीने आम्ही तिघं जिल्ह्याच्या गावी पोचलो.

कचेरीच्या खिडकीतल्या मैतेई, म्हणजे खालच्या खोऱ्यातल्या, कारकुनानं पत्र घेतलं, कपाटातून नमुन्याच्या सह्या-शिक्क्यांची वही काढली, पान उलटलं.

"पाबुंग," तो वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणाला, "हा शिक्का बनावट आहे."

"बनावट? मी स्वतः बनवलाय!"

"तेच म्हणतोय मी." त्यानं वही फिरवली. पानावर आमचं ओअरात. "जुळत नाही."

"ओजा," काका गुरुजी म्हणावं तसं अदबीनं म्हणाले, "ते चुकलेलं. हे बरोबर आहे. वाचा ना."

"वाचायचं काम माझं नाही, जुळवायचं आहे." मग तो खिडकीशी झुकला. माणूस वाईट नव्हता. "दिल्लीच्या यादीत तुमच्या जमातीचं नाव आलंय, पण आमच्या कॉम्प्युटरमध्ये अजून यायचंय. तुमचं मी हातानं टाइप करणार, म्हणून शिक्का जुळायलाच हवा. नाहीतर शेजारच्या जमातीचं नाव लिहा. दहा मिनिटांत दाखला. तुमचा मेहुणा नाही का तसा घेऊन गेला?"

सालोमीकडे बघायचं टाळत काकांनी खिडकीपासून दारापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. घड्याळात दीड वाजला होता.

"पा," सालोमी म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते. पण मग आयुष्यभर मला त्या नावानं हाक मारतील."

काका बाहेर गेले. फाटकावर पहारेकऱ्यानं त्यांचा बांबू सोलायचा सुरा काढून घेतला होता. त्याच्याशी हुज्जत घालून परत आणला. कुंपणाकडेच्या बांबूच्या बेटातून एक मूळ उकरलं आणि पायऱ्यांवर बसकण मारली.

आणि हाताला ते जमेना! सहा वर्षांपूर्वी नकळत जमलेली चूक आता मुद्दाम करायची होती. नवा शिक्का कोरताना हाताला आर फिरवून कोरायची सवय लागली होती, आर आला की सुरा आपोआप तसाच वळायचा. पहिलं मूळ वाया गेलं, दुसरं उकरून आणलं.

"मास्तर, नव्या शिक्क्याचा तो फिरवलेला आर नको बघू देऊस मला. लपव तो कागद!"

"कागद नाहीच, काका. तुमच्या डोक्यात आहे."

"मग दुसरं काहीतरी बोल! सालोमी, आई सकाळी काय बोलली ते सांग."

"म्हणाली, तुम्ही बसलात तर मला कळवा."

काका हसले आणि त्या हसण्यातच आर चुकला. झकास चुकला. वर टोपली कोरली, तिचा एक कान जुन्यासारखा वाकडा काढला, शाईच्या गादीसाठी आत धावले.

कारकुनानं मी पुन्हा लिहून दिलेल्या पत्रावरचा ठसा वहीशेजारी धरला. एक डोळा मिटून बघितलं. चाराला वीस मिनिटं कमी होती.

"हां. आता खरा."

टाइपरायटर खडखडला. सालोमीनं दाखला हातात घेतला आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचला, "टी, ए, आर, ए, ओ." तंगडी जागेवर होती. समोरच्या कॉलेजच्या कचेरीकडे ती धावतच सुटली, मी तिच्यामागे.

मागे वळून पाहिलं तर काका अजून खिडकीत. परत गेलो. खिशातून सुलटा शिक्का काढून ते कारकुनाला विनवत होते. "ओजा, त्या पानावर खाली जागा आहे. हाही मारू द्या."

"कशाला? काम झालं ना?"

"माझं झालं. माझ्यानंतर येईल त्याला ही चूक कोरायला जमेलच असं नाही."

कारकुनानं घड्याळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि वही पुढे सरकवली. "मारा. शेजारी तारीख टाका."

काकांनी ठसा मारला, फुंकर घातली, पुन्हा फुंकर घातली. सालोमीची जागा पक्की झाली, तरी गाडीत बसल्यावर काका फाट्यापर्यंत एकच घोकत होते, "वही मिटण्याआधी शाई वाळली असेल ना रे?" आणि दर वळणावर सीटवरून उठून मागे बघत होते.