पुस्तकातली आई

सुक्या बोंबलांचा खारट, उन्हाळलेला वास आला की मला नाताळ आठवतो आणि याला माझा इलाज नाही.

घिवलीहून येणारी एक म्हातारी बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायची. पुड्या बांधायला ती रद्दीतली पुस्तके फाडायची. त्या डिसेंबरात तिच्याकडे लहान मुलांचे एक इंग्रजी चित्रपुस्तक आले होते: बर्फातले घर, सजवलेले झाड, एकमेकांना भेटी देणारे कुटुंब. तिला अक्षरओळख नव्हती. तरीही पान फाडण्याआधी, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून, ती ते दोन्ही बाजूंनी गंभीरपणे पाहून घ्यायची.

माझ्या मुलीसाठी मी ते मागितले, तेव्हा अर्धेच उरले होते.

"थांब गो बाय. पोरांना मिलला, बापाला मिलला, कुत्र्याला पन हाडूक मिलला. आयला अजून कोनी काय दिला नाय. बगू दे मना."

पुढच्या आठवड्यात गेले, तेव्हा शेवटचे पान तिच्या मांडीवर होते. त्यात सगळे जेवायला बसले होते आणि आई हातात ताट घेऊन उभी होती, हसत.

"हसते कशाला ही?" म्हातारी म्हणाली. मग तिने माझ्या पिशवीत डोकावले. घरातल्या प्रत्येकासाठी घेतलेल्या भेटी तीत होत्या. "यात तुझा काय हाय?"

मी हसले.

तिने त्याच पानात मूठभर बोंबील बांधले, पुडी पिशवीत सर्वांत वर ठेवली आणि पैसे काढणारा माझा हात बाजूला सारत म्हणाली, "तुला."